गाडी कितीला सुटते?

डेट्रॉईटहून परतल्यावर चार दिवस माझी झोप पहाटे तीनलाच मोडत होती. पाचव्या दिवशी ठरवलं, अंथरुणात तळमळण्यापेक्षा नौपाड्यातून चालत ठाणे स्टेशन गाठावं. खाली गेटपाशी शेजारचे काका उभे. रेल्वेत रुळांच्या देखभालीवर उभी हयात गेली त्यांची. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी चारच्या आत उठतातच. "चला, मीही येतो," म्हणाले आणि चपला सरकवल्या.

वाटेत मी डेट्रॉईटच्या मिशिगन सेंट्रल स्टेशनचं पुराण लावलं. लेकीने हौसेने दाखवलं होतं. 1913 साली सुरू झालेलं हे स्टेशन, मागे अठरा मजली इमारत. न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल ज्यांनी उभारलं त्याच वास्तुरचनाकारांचं काम. पुढे मोटारींच्या त्या गावात आगगाडीला कोण विचारतो? जानेवारी 1988 मध्ये शेवटची गाडी सुटली आणि दारं बंद झाली. त्यानंतरची तीस वर्षं म्हणजे उघड्यावरची लूट. दिवे, तांबं, नक्षीचे तुकडे, हाताला लागेल ते गेलं. तळघरात पाणी साचलं. 2018 मध्ये फोर्ड कंपनीने ती वास्तू विकत घेतली आणि सहा वर्षं खपून 6 जून 2024 ला पुन्हा उघडली.

प्रतीक्षालयात शिरल्यावर मान आपोआप मागे जाते. कमानदार छताला सुमारे 29 हजार फरशा आहेत. त्या एकेक तपासून, खराब झालेल्या तेवढ्याच बदलल्या. दगड हवा होता तो मूळचाच, म्हणून इंडियानातली बंद पडलेली जुनी खाण पुन्हा उघडली! काही भिंतींवर टवाळ पोरांनी फवारलेली चित्रं मात्र मुद्दाम तशीच ठेवलीत. मला ते पटलं. ओसाडपणाही त्या इमारतीच्याच वयाचा भाग, तो का पुसायचा?

आणि ते घड्याळ. वीसेक वर्षांपूर्वी चोरीला गेलेलं. फोर्डने इमारत घेतल्याची बातमी आली आणि कुणीतरी निनावी फोन केला, घड्याळ परत द्यायचंय म्हणून. सांगितलेल्या जागी माणसं गेली तर एका जळक्या इमारतीला टेकवून, गोधड्यांत नीट गुंडाळून ठेवलेलं. घेऊन जाणारा कोण होता याचा पत्ता नाही. पण वीस वर्षं त्याने ते मोडीत घातलं नाही, एवढं खरं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "गाडी कितीला सुटते तिथून?"

"सुटत नाही. तिथे आता कचेऱ्या वगैरे आहेत. शिकागोची गाडी दुसऱ्या एका लहानशा स्टेशनवरून जाते."

काका चालता चालता थांबले. "मग स्टेशन कसलं ते?"

याला उत्तर नव्हतं. मी दहा-दहा रुपयांची दोन प्लॅटफॉर्म तिकिटं काढली.

16 एप्रिल 1853 ला मुंबईच्या बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी इथेच, ठाण्याला आली. चौदा डबे, चारशे पाहुणे आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. पुढच्याच वर्षी रूळ खाडी ओलांडून कल्याणला पोचले. त्या काळातलं काही दिसतंय का म्हणून मी भिंती, खांब बघत फिरलो. मला एक वीटही ओळखू आली नाही. हळहळ वाटली, पण दोष कुणाला द्यायचा? डेट्रॉईटचं स्टेशन निजलं, म्हणून कुणाला तरी ते उठवता आलं. ठाण्याला निजायला मिळालंच कधी? शेवटची लोकल आणि पहिली लोकल यांच्यामध्ये जेमतेम काही तास, त्यातही मेल गाड्या धडधडत जातात.

काका मला पाच नंबरच्या फलाटावर घेऊन गेले. "तुमचं ते कधी उघडलं म्हणालात?"

"6 जून 2024."

"त्याच आठवड्यात आम्ही हा रुंद केला." निवृत्त झाले तरी ते 'आम्ही'च म्हणतात. "63 तासांचा ब्लॉक. 30 मेच्या मध्यरात्रीपासून 2 जूनच्या दुपारपर्यंत. रूळ बाजूला सरकवले, तयार ठोकळे आणून बसवले, वर फलाट. त्यांना सहा वर्षं मिळाली ना? आम्हाला 63 तास, आणि तेवढ्यासाठी लोकांच्या शिव्या खाल्ल्या."

शिव्या देणाऱ्यांत मीही होतो. त्या तीन दिवसांत मुंबईभर नऊशेवर लोकल रद्द झाल्या होत्या. मी हे बोललो नाही.

काकांनी चपलेच्या टोकाने फलाटावर एक रेघ दाखवली. "हा सांधा. इथून पलीकडचं नवं." रोज यावरून जाऊनही मला तो कधी दिसला नव्हता. फोटो काढावा म्हणून खाली वाकलो, तोच एका भाजीवालीने नेमका त्यावर आपला हारा टेकवला.

"दादा, कर्जत कितीला?"

काकांनी इंडिकेटरकडे न बघता वेळ सांगितली.