पाय काळे की पिवळे? : माझ्या झूम कॅमेऱ्याची गोष्ट

जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेला मी पहिल्यांदा नांदूर मध्यमेश्वरला गेले, तेव्हा माझ्याकडे फक्त आठ पटींची दुर्बीण होती. चापडगावच्या मनोऱ्याखाली काठावरच्या चिखलात चिमणीएवढा एक करडा पक्षी टुकटुक टोचत फिरत होता. मी म्हटलं, "स्टिंट आहे." म्हणजे चिखलात किडे टिपणारा छोटा पाणपक्षी. गटप्रमुखांनी वहीवरची नजर न काढता विचारलं, "ताई, पाय काळे की पिवळे?"

काळे असतील तर लिटिल स्टिंट, पिवळसर असतील तर टेमिंक्स स्टिंट. मला पाय आहेत एवढंच कळत होतं. गाईडभाऊंचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिकाठीवरची मोठी दुर्बीण होती, पण तो माझ्याकडे येईपर्यंत पक्षी गवताआड गेला. वहीत नोंद पडली, "स्टिंट, अनिश्चित". परतीच्या वाटेवर तो 'अनिश्चित' शब्द मला बोचत राहिला आणि घरी आल्यावर मी कॅमेऱ्यांची माहिती वाचायला बसले.

ज्यांनी ही जागा पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ निफाड तालुक्यात हा बंधारा आहे. वर्षानुवर्षं गाळ साचून पाण्यात उथळ बेटं तयार झाली, त्यावर पाणकणीस माजलं आणि पक्ष्यांना हवी तशी जागा मिळाली. 2020 मध्ये हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. मात्र इथे पक्षी पाहायचे ते काठावरून नाहीतर मनोऱ्यावरून. बरेचसे पक्षी शंभर-दीडशे मीटरवर बसतात आणि पायी जवळ जाण्याचा प्रश्नच येत नाही. तसं जाऊही नये. एक थवा उडाला की त्याच्यामागे दुसरा उडतो आणि सकाळभर चरायला बसलेले जीव उगाच दमतात.

माझ्या भाच्याकडे डीएसएलआर आणि 150-600 मिलिमीटरची लांब पल्ल्याची लेन्स आहे. तो म्हणाला, "मावशी, घ्यायचं तर हेच घे." मी ती लेन्स हातात धरून पाहिली. नुसती लेन्स दोन किलोच्या आसपास, वर कॅमेऱ्याची बॉडी वेगळी. माझा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी आखडला होता, डॉक्टरांनी वजन उचलायला अजून मर्यादाच घालून दिली आहे. म्हणून मी ब्रिज कॅमेऱ्यांकडे वळले. म्हणजे लेन्स अंगचीच, बदलता न येणारी, आणि एकाच लेन्समध्ये समोरच्या झाडापासून पलीकडच्या काठापर्यंत सगळं.

इथे मला एक गोष्ट समजायला आठवडा लागला, ती आधी सांगते. या कॅमेऱ्यांची लेन्स एवढी लांब पोचते, कारण आतला सेन्सर अगदी लहान असतो. अशा बहुतेक लांब झूमच्या कॅमेऱ्यांत तो 1/2.3 इंची, म्हणजे सुमारे 6.2 गुणिले 4.6 मिलिमीटर, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. निकॉन पी950 चा झूम 2000 मिलिमीटर सांगतात, ते मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याशी तुलनेपुरतं. लेन्सची खरी फोकल लेंथ (नाभीय अंतर) 357 मिलिमीटरच आहे. सेन्सर लहान म्हणून चौकट अरुंद आणि चौकट अरुंद म्हणून पक्षी मोठा. त्याची किंमत प्रकाश कमी झाला की मोजावी लागते. ढगाळ सकाळी आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशासाठीची संवेदनशीलता, 800 वर गेला की पिसांचे बारीक तपशील मेणासारखे पसरतात.

दुसऱ्या टोकाला सोनीचा आरएक्स10 मार्क 4. त्याचा सेन्सर एक इंची, क्षेत्रफळ चौपट, फोटो डोळे निवतील असे. पण झूम 600 पर्यंतच. मी वहीत हिशेब मांडला. त्याच्या 20 मेगापिक्सेलमधून 2000 च्या चौकटीएवढा तुकडा कापून घेतला तर हातात जेमतेम पावणेदोन मेगापिक्सेल उरतात. माझे पक्षी दूरचे, आणि किंमतही माझ्या हिशेबात बसणारी नव्हती. कॅननचा एसएक्स70 हलका, 610 ग्रॅमचा, 1365 पर्यंत जाणारा. खांद्यासाठी उत्तम, आणि ज्यांना प्रवासात एकच कॅमेरा हवा त्यांना मी आजही तोच सांगेन. निकॉनचा पी1000 तर 3000 पर्यंत जातो, पण वजन 1415 ग्रॅम आणि पूर्ण झूमला छिद्र एफ8 (हा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). पी950 चं वजन एक किलो, झूम 83 पट, पूर्ण झूमला एफ6.5. मन तिथे स्थिरावलं.

पैसे वाचवायला मी आधी जुना कॅमेरा घेतला आणि तिथे फसले. मॉडेल वेगळं होतं. विकणाऱ्याने फोटो पाठवले, कॅमेरा बाहेरून नव्यासारखा होता, मी पैसे दिले. घरी आणून पूर्ण झूमवर निळ्या आकाशाचा फोटो काढला, तर मधोमध धुरकट डाग. संध्याकाळी लेन्स पूर्ण बाहेर काढून मोबाइलचा टॉर्च तिरका मारला आणि आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले. बुरशी. कॅमेरा दोन पावसाळे कपाटात पडून असावा. विकणाऱ्याने पुढे फोन उचलला नाही आणि दुरुस्तीचा अंदाज कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळ गेला. या दोन तपासण्या मी घेण्याआधी केल्या असत्या तर पाच मिनिटांत सगळं कळलं असतं. म्हणून कळकळीने सांगते, जुना घेणार असाल तर टॉर्च आणि निळं आकाश, दोन्ही विसरू नका.

नवा घ्यायला गेले तेव्हा शहाणी झाले होते. दुकानात काउंटरवरच्या फुलांचे फोटो काढून काहीच कळत नाही. मी दुकानदारांना विनंती करून बाहेर फुटपाथवर गेले आणि दूरच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं टिपून पाहिली. मग कॅमेरा डोळ्याला लावून दहा मिनिटं उभी राहिले, खांदा काय म्हणतो ते ऐकायला. तो काही बोलला नाही. पी950 घेतला.

पहिला महिनाभर मी घराच्या गच्चीवरच होते. पूर्ण झूमवर शंभर मीटरवरची जेमतेम पावणेदोन मीटर रुंदीची पट्टी चौकटीत मावते. त्यामुळे डोळ्यांना समोर दिसणारा तांबट कॅमेऱ्यात सापडतच नाही, नुसती पानंच पानं. लेन्सच्या डाव्या बाजूला एक बटण आहे. ते दाबून धरलं की झूम झटकन मागे येतो, पक्षी पुन्हा मधोमध घ्यायचा आणि बटण सोडायचं, झूम होता तिथे परत जातो. या बटणासाठी माझ्या मते कॅमेऱ्याचे अर्धे पैसे वसूल आहेत. रोज सकाळी वीस मिनिटं मी समोरच्या नारळावरच्या साळुंक्या अशा शोधायचे. तिसऱ्या आठवड्यात बोट आपोआप बटणावर जायला लागलं.

हात स्थिर ठेवायलाही सराव लागतो. कोपरं बरगड्यांना चिकटवायची, शटर अर्धं दाबून क्षणभर थांबायचं, चित्र आत शांत झालेलं दिसतं, मग श्वास सोडता सोडता पूर्ण दाबायचं. मनोऱ्याच्या कठड्यासाठी मी यांच्या जुन्या जीनचा पाय कापून पिशवी शिवली आणि तिच्यात दीड किलो मोहरी भरली. मोहरी लेन्सच्या आकाराप्रमाणे खाली बसते, हरभऱ्यासारखी टोचत नाही. कठड्यावर पिशवी आणि तिच्या खळग्यात लेन्स, मग तिकाठीची गरज पडत नाही.

सेटिंगबद्दल थोडक्यात. आयएसओची कमाल मर्यादा 400, डिजिटल झूम कायमचा बंद, बसलेल्या पक्ष्याला शटर 1/500 च्या आसपास. बगळे आणि चमचे असे पांढरे पक्षी असतील तर एक्स्पोजर थोडं उणे, नाहीतर पिसांचा नुसता चुना होतो. पाणकणसात कॅमेरा हटकून पुढच्या काडीवर फोकस धरतो. तेव्हा फोकसचा चौकोन सर्वांत लहान करायचा, तरीही ऐकलं नाही तर लेन्सच्या बाजूची चकती फिरवून हाताने फोकस करायचा. जांभळ्या पाणकोंबडीचा पिल्लांसह पहिला स्वच्छ फोटो मला असाच मिळाला. साठेक मीटरवरून. ती लांबलचक बोटांनी देठ धरून, सोलून, आतला मऊ गर पिल्लापुढे धरत होती, आणि आपल्याकडे कोणी बघतंय याचा तिला पत्ताही नव्हता. दुरून पाहण्याचं हे सुख मला फोटोपेक्षाही मोठं वाटतं.

उडत्या पक्ष्यांचं मात्र जमलं नाही. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून तरंगत येतो, सगळी बदकं एकदम उठतात, आणि तेवढ्यात कॅमेरा फोकस शोधत पुढेमागे करत राहतो. ज्यांना उडते पक्षीच टिपायचे आहेत त्यांनी माझ्या भाच्याचं ऐकावं.

सगळ्यांत मोठा धडा हवेने दिला. नोव्हेंबरात मी एकदा उशिरा, अकराच्या सुमाराला मनोऱ्यावर पोचले. ऊन लख्ख, पक्षी भरपूर, शटरही भरपूर वेगाचं. दीडशेवर फोटो काढले आणि एकही धड नाही. कडा लिबलिबीत, चोच दोनदा उमटल्यासारखी. मला वाटलं कॅमेरा बिघडला. गाईडभाऊ म्हणाले, "मॅडम, कॅमेऱ्याला काय झालं नाही, बांधाकडं बघा." पलीकडचा बांध पाण्यात हलावा तसा हलत होता. ऊन तापलं की जमिनीलगतची गरम हवा वर उठते, गार हवेत मिसळते आणि त्यातून येणारा प्रकाश वाकतो. चुलीपलीकडचं माणूस हलताना दिसतं, तसंच हे. मधे जितकी हवा जास्त, तितकं हलणं जास्त. 2000 असो की 3000, लेन्स तेवढी हवाच मोठी करून दाखवते. त्यावर दोनच इलाज, उजाडताना यायचं किंवा पक्षी जवळ येईपर्यंत थांबायचं.

तेव्हापासून आम्ही पहाटे साडेपाचला घर सोडतो. निफाडची थंडी सगळ्यांना ठाऊक आहे, हिवाळ्यात पारा एक आकडी होतो. कंपनी एका चार्जवर 290 फोटो सांगते, पण अशा गारठ्यात त्याहून कमी निघतात. दुसरी बॅटरी मी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवते.

चंद्राचंही सांगायला हवं. पूर्ण झूमवर चंद्र चौकटीच्या उंचीचा सत्तर टक्के भाग व्यापतो आणि डोळ्यांदेखत सरकत बाहेर निघून जातो, पृथ्वी फिरते आहे हे असं दिसतं. पौर्णिमेपेक्षा अष्टमीचा चंद्र घ्यावा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि खळगे उठून दिसतात. शेजारची शाळकरी मुलगी ते पाहून कितीतरी वेळ गप्प उभी होती.

बुरशीची धास्ती मात्र अजून आहे. कॅमेरा झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात राहतो, सोबत सिलिका जेल. केशरी दाणे ओल धरली की हिरवे होतात, मग मी ते जुन्या कढईत मंद आचेवर परतते. ती कढई फक्त त्यासाठीच, स्वयंपाकाला पुन्हा घेत नाही. पावसाळ्यातही पंधरा दिवसांनी कॅमेरा बाहेर काढून लेन्स पुढेमागे फिरवते.

यंदाच्या गणनेला मी पुन्हा चापडगावलाच होते. सव्वासातला धुकं विरळ झालं आणि चाळीसेक मीटरवर चिखलात एक स्टिंट दिसला. मोहरीची पिशवी कठड्यावर ठेवली, पूर्ण झूम केला. पाय काळे! सांगणारच होते, पण गटप्रमुख म्हणाले, "ताई, चिखल तर नाही ना लागलेला?" खरंच, पाय गुडघ्यापर्यंत माखलेले होते. पाठ साधी, करडी, छातीही करडी, म्हणजे लक्षणं टेमिंक्सची. पण नुसत्या अंगावरून लिहायचं मला पटेना.

पस्तीस मिनिटं आम्ही थांबलो. तो चिखलातच टोचत राहिला, मी दर थोड्या वेळाने एक फोटो घेत राहिले. मग मागून शेकाट्यांची जोडी चालत आली आणि तो बाजूला सरून उथळ पाण्यात उतरला. सहा-सात पावलं टाकली, थांबला, एक पाय वर उचलून मान खाजवली. मी तेवढ्यात चार फोटो घेतले. मागच्या पडद्यावर तिसरा फोटो मोठा करून गटप्रमुखांपुढे धरला. पायावरून पाण्याचा थेंब ओघळत होता आणि थेंबाच्या वर पाय पिवळसर हिरवा होता.

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "तुम्हीच लिहा." मी लिहिलं, टेमिंक्स स्टिंट, 1.