तुम्ही विचारलंत म्हणून: 'मोझार्टियाना' नक्की कुणाचं?

घरी 'मोझार्टियाना' ही ऑर्केस्ट्राची रचना लागलेली असली की कुणी ना कुणी विचारतंच: हे मोझार्टचं की चायकोव्स्कीचं? परवा एका काकांनी तर सरळ विचारलं, "मग चायकोव्स्कीनं स्वतः काय केलं?"

चाली अठराव्या शतकातल्या ऑस्ट्रियन संगीतकार मोझार्टच्या, वाद्यांचा साज पुढच्या शतकातल्या रशियन संगीतकार चायकोव्स्कीचा. मोझार्ट म्हणजे त्याचं दैवत. १८८७ साली, मोझार्टच्या 'डॉन जिओव्हानी' या ऑपेराला शंभर वर्षं होत होती तेव्हा, त्यानं मोझार्टच्या फारशा न वाजणाऱ्या छोट्या रचना वेचल्या आणि ऑर्केस्ट्रासाठी चार भागांत बांधल्या.

माझ्या मते खरी गंमत या वेचण्यात आहे. पहिला भाग म्हणजे जिग, एक चपळ नाचाची चाल, जेमतेम दीड-दोन मिनिटांची. मोझार्टनं ती १७८९च्या मे महिन्यात लाइपझिगमध्ये तिथल्या एका ऑर्गनवादकाच्या वहीत लिहून दिली. लाइपझिग म्हणजे मोझार्टच्या आधीच्या थोर संगीतकाराचं, बाखचं गाव, आणि जिगची चालही बाखच्याच वळणाची: एक आवाज निघतो, दुसरा तेच म्हणत मागून येतो, मग तिसरा. शेवटच्या भागातली चाल मुळात ग्लुक या ज्येष्ठ संगीतकाराची. १७८३ साली व्हिएन्नात खुद्द ग्लुक समोर बसलेला असताना मोझार्टनं तिच्यावर आयत्या वेळी एकेक नवं रूप रचून वाजवलं होतं. म्हणजे चायकोव्स्कीनं ज्यांना नमस्कार केला, तेही नमस्कारच होते.

दुसऱ्या भागातला मिन्युएट (हाही एक नाच) गोड आहे, पण पटकन संपतो.

तिसरा भाग, प्रार्थना, सगळ्यांना आवडतो. मला नाही. मोझार्टचं मूळ 'आवे वेरुम कॉर्पुस' हे चर्चमधलं लॅटिन स्तोत्र तीनेक मिनिटांचं, दबक्या आवाजात गायचं. पियानोवादक-संगीतकार लिस्टनं ते पियानोवर नेलं आणि चायकोव्स्कीनं ते लिस्टकडून घेतलं. वर हार्प. पुरणपोळीवर गुळवणी आणि त्यावर पुन्हा साखर!

पण शेवटच्या भागात एक संथ रूप येतं. तिथे एकटं व्हायोलिन पुढे होतं, बाकीचे नुसती साथ धरतात. पुढे अगदी अखेरीस सगळा ऑर्केस्ट्रा गप्प होतो आणि क्लॅरिनेट एकटंच वर-खाली धावत सुटतं. मोझार्टच्या मूळ रचनेत, पियानोवर, हे सगळं एकाच माणसाच्या दहा बोटांत होतं. इथे प्रत्येकाला आपापली पाळी मिळाली आहे.

काकांना मी तेवढीच जागा दोनदा ऐकवली. डोळे मिटून ऐकली त्यांनी.

"छान आहे," म्हणाले, "पण चाल त्याची नाहीच ना?"