व्हायरल लोड सापडत नाही, तरी लक्ष लागत नाही

एचआयव्हीसह जगणाऱ्या अनेकांकडून समुपदेशनात एक तक्रार वारंवार ऐकू येते. औषधे नियमित चालू आहेत, तपासणीत व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) सापडत नाही, सीडी४ या रोगप्रतिकारक पेशींची संख्याही समाधानकारक आहे आणि तरीही डोके पूर्वीसारखे चालत नाही. वाचलेला परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो, हिशेब करताना मधेच धागा सुटतो, बोलताना नेमका शब्द आठवायला वेळ लागतो. या तक्रारीला सहसा दोनपैकी एक उत्तर मिळते : ‘वय झाले की असे होतेच’ किंवा ‘हा एचआयव्हीचाच परिणाम आहे’. मला ही दोन्ही उत्तरे घाईची वाटतात, कारण दोन्हींमुळे पुढचा शोध थांबतो.

विषाणूचा मेंदूशी संबंध आहे, यात शंका नाही. संसर्ग झाल्यानंतर थोड्याच आठवड्यांत एचआयव्ही रक्तातील संसर्गित पेशींबरोबर मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. तेथे तो चेतापेशींना सहसा थेट संसर्ग करत नाही. तो मुख्यतः मॅक्रोफेज आणि मायक्रोग्लिया या रोगप्रतिकाराशी संबंधित पेशींमध्ये तळ ठोकतो, आणि या पेशींतून बाहेर पडणारी दाहकारक रसायने व विषाणूची काही प्रथिने यांमुळे शेजारच्या चेतापेशींचे नुकसान होते. मेंदूच्या खोल भागांना आणि त्यांना जोडणाऱ्या तंतूंना याची झळ अधिक बसत असल्यामुळे येथील लक्षणे अल्झायमरपेक्षा निराळी असतात. माहिती मनातून पुसली जाण्यापेक्षा ती वेळेवर हाताशी न येणे, विचारांचा वेग मंदावणे, लक्ष विचलित होणे आणि कामाची आखणी न जमणे हे प्रकार जास्त दिसतात. बहुतेकांमध्ये ही अवस्था वर्षानुवर्षे स्थिर राहते, काहींमध्ये सुधारतेही. ही गोष्ट तक्रार घेऊन आलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगायला हवी, कारण ‘मेंदूवर परिणाम’ हे शब्द कानी पडताच त्याच्या डोळ्यांसमोर अंथरुणाला खिळलेले म्हातारपण उभे राहते.

ती भीती निराधार नाही. तिला इतिहास आहे. १९८६ साली एड्सच्या रुग्णांमधील डिमेन्शियाचे (रोजचे जगणे अडवणाऱ्या तीव्र बौद्धिक ऱ्हासाचे) सविस्तर वैद्यकीय वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा परिणामकारक उपचार नव्हते आणि अशा रुग्णाचे आयुष्य अनेकदा महिन्यांत मोजले जाई. १९९६ नंतर अनेक औषधांचा एकत्रित उपचार रूढ झाला आणि तीव्र डिमेन्शियाचे प्रमाण झपाट्याने घटले. सौम्य तक्रारी मात्र उरल्या, आणि त्यांची मोजदाद कशी करायची हा वाद तेव्हापासून आजवर चालू आहे.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रास्काटी निकषां’नी एचआयव्हीसह जगणाऱ्यांमधील बौद्धिक घटीच्या तीन पायऱ्या ठरवल्या : चाचणीत दिसणारी पण रोजच्या जगण्यात न जाणवणारी घट, कामात सौम्य अडथळा आणणारी घट आणि डिमेन्शिया. २०१० साली ‘चार्टर’ या अमेरिकी अभ्यासात एचआयव्हीसह जगणाऱ्या १,५५५ जणांची तपासणी झाली, तेव्हा ५२ टक्के व्यक्तींच्या चाचण्यांत घट आढळली. हा आकडा पुढे सर्वत्र उद्धृत झाला. मात्र त्यातील मोठा वाटा पहिल्या, म्हणजे स्वतःला काहीही न जाणवणाऱ्या पायरीचा होता आणि डिमेन्शियाचे प्रमाण सुमारे २ टक्के होते, हा तपशील फारसा कोणी पुढे नेला नाही. शिवाय ही पहिली पायरी इतकी सैल आहे की, निव्वळ संख्याशास्त्रीय हिशेबाने निरोगी माणसांपैकीही सुमारे २० टक्के तिच्यात बसतात, असा आक्षेप काही संशोधकांनी २०११ साली घेतला. चाचणीचे अपेक्षित गुण कोणत्या शिक्षणाच्या आणि भाषेच्या माणसांवरून ठरवले आहेत, यावरही निकाल अवलंबून असतो. कमी शिकलेल्या माणसाला परक्या घडणीच्या चाचणीत कमी गुण मिळाले, तर तो विषाणूचा पुरावा ठरत नाही. २०२३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने मांडलेल्या शिफारशींनी या बाबतीत स्पष्ट भूमिका घेतली : केवळ चाचणीतील कमी गुणांवरून निदान करू नये, आणि एचआयव्हीमुळे झालेली मेंदूची इजा हे संभाव्य कारणांपैकी एक मानावे. ही भूमिका उशिरा आली, असे माझे मत आहे.

मग इतर कारणे कोणती? नैराश्य हे माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित कारण आहे, कारण उदास माणूस ‘मला वाईट वाटते’ असे म्हणण्याऐवजी पुष्कळदा ‘माझ्या लक्षात राहत नाही’ असे म्हणतो. झोपेची कमतरता, मद्यपान, उच्च रक्तदाब, मधुमेह, बी१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचे विकार, हिपॅटायटिस सी, मज्जासंस्थेपर्यंत गेलेला सिफिलिस आणि इतर आजारांसाठी चालू असलेल्या गोळ्या ही यादीही तपासावी लागते, आणि यांतील बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. एचआयव्हीवरील औषधांपैकी एफाविरेन्झमुळे चक्कर, विचित्र स्वप्ने आणि एकाग्रतेचा अभाव जाणवू शकतो. डोल्युटेग्राविरमुळे काहींची झोप उडते. असे वाटले तरी गोळी स्वतःहून बंद करू नये, औषध बदलायचे की नाही हे डॉक्टरांनी ठरवावे. क्वचित रक्तात विषाणू सापडत नाही, पण पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवात सापडतो. लक्षणे नवी असतील किंवा वेगाने वाढत असतील, तर ही शक्यताही डॉक्टर तपासतात. ताप, तीव्र डोकेदुखी, झटके किंवा अचानक आलेला गोंधळ असेल, तर मात्र थांबू नये. त्यामागे मेंदूतील अन्य संसर्ग असू शकतो आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उपचार सुरू होण्यापूर्वी सीडी४ संख्या किती खाली गेली होती, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ती फार खाली गेलेल्यांमध्ये बौद्धिक तक्रारी अधिक आढळतात, त्यामुळे आजच्या तक्रारीत जुन्या इजेचा वाटा असू शकतो. अशा वेळी आजचा उपचार अपयशी ठरला, असा अर्थ काढणे चुकीचे आहे.

प्राथमिक चाळणीसाठी २००५ सालची ‘आंतरराष्ट्रीय एचआयव्ही डिमेन्शिया मोजपट्टी’ वापरली जाते. बोटे जलद आपटणे, हाताच्या तीन हालचाली क्रमाने करणे आणि चार शब्द थोड्या वेळाने आठवून सांगणे, एवढीच ती चाचणी असते. १२ पैकी १० किंवा कमी गुण आल्यास पुढील तपासणी सुचवली जाते. ही चाळणी चाचणी थोड्या मिनिटांत होते, पण सौम्य घट तिच्या नजरेतून सुटते. म्हणून चाचणी चांगली गेली तरी तक्रार नोंदवून ठेवण्याचा आग्रह धरावा. सोबत घरातील कोणी विश्वासू व्यक्ती असेल तर उत्तम, मात्र तिला आपली स्थिती सांगायची की नाही, हा निर्णय सर्वस्वी त्या माणसाचाच.

सर्वांत व्यवहारी अडचण गोळ्यांची आहे. ‘अमुक वेळी अमुक करायचे’ हे लक्षात ठेवण्याची क्षमता कमी झाली की डोस चुकतात, डोस चुकले की विषाणू पुन्हा वाढतो आणि त्यातून मेंदूचे आणखी नुकसान होऊ शकते. असे डोस चुकवणाऱ्याला बेजबाबदार ठरवून व्याख्यान देणे निरुपयोगी आहे. फोनचा गजर, वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी आणि दिवसाच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडलेली गोळी यांचा उपयोग अधिक होतो. कॅबोटेग्राविर आणि रिल्पिविरिन यांची दोन महिन्यांतून एकदा घेण्याची इंजेक्शने जेथे उपलब्ध आहेत, तेथे रोजची आठवण ठेवण्याचा भार बराच हलका होतो. पण ती तारीख चुकणे रोजच्या एका गोळीपेक्षा महागात पडते, म्हणून तिची आठवण करून देण्याची जबाबदारी उपचार केंद्रानेही उचलायला हवी.