७३ ईस्टिंग: वाळूच्या वादळातली लढाई
७३ ईस्टिंग हे गाव नाही, टेकडीही नाही. इराकच्या सपाट वाळवंटात सांगण्याजोगी खूणच नव्हती, म्हणून नकाशावरच्या उभ्या रेषेचं नाव लढाईला मिळालं.

आखाती युद्ध, २६ फेब्रुवारी १९९१, दुपारचे चार वाजून गेलेले, वाळूचं वादळ. इराकी सैन्याच्या तवक्कलना डिव्हिजनचे टी-७२ रणगाडे उंचवट्यामागच्या उतारावर खड्ड्यांत दबा धरून होते. माथ्यावर येणाऱ्याला तिथेच टिपायचं, हा बेत खरं तर उत्तम. पण धुळीत त्यांना दिसेना. अमेरिकी एम१ए१ रणगाड्यांच्या थर्मल साइटला मात्र उष्णतेवरून लक्ष्य सापडत होतं. अमेरिकी कॅप्टन मॅकमास्टर यांच्या तुकडीत असे ९ रणगाडे. ७० ईस्टिंगवर, म्हणजे त्याच्या अलीकडच्या तशाच रेषेवर, थांबण्याचा आदेश होता; ते पुढेच गेले. थांबले असते, तर शत्रूला सावरायला वेळ मिळाला असता. समोरची फळी २३ मिनिटांत मोडली.