आमची वाटचाल: खालच्या कपाटातून

आम्ही खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ वाढवून विकतो. गिऱ्हाईक आलं की वरच्या टाकीपुढे उभं राहतं. मी त्याला वाकायला लावतो आणि खालच्या कपाटाचं दार उघडतो. आमचा धंदा वाढला तो तिथे, सम्पमध्ये, म्हणजे वरच्या टाकीचं पाणी जिथे उतरून साफ होतं त्या खालच्या टाकीत.

२०१० साली न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, घराच्या बेसमेंटमध्ये सुरुवात केली. १८० गॅलनची टाकी, खाली ४० गॅलनचा सम्प आणि ऑफिसातला एक तमिळ मित्र भागीदार. वर २५० वॅटचे मेटल हॅलाइड दिवे होते, फार तापणारे. विजेचं बिल बघून बायको महिनाअखेरीस बोलत नसे. फ्रॅगसाठी, म्हणजे विकायला तोडलेल्या प्रवाळाच्या छोट्या तुकड्यांसाठी, वेगळी टाकी परवडेना, म्हणून सम्पमध्येच स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र) आणि पाणी वर पाठवणारा रिटर्न पंप यांच्या मधल्या कप्प्यात एगक्रेटची, म्हणजे प्लास्टिकच्या जाळीची, मांडणी केली.

आता लाइटचं. पाणी आणि कपाटाचं छत यांत जेमतेम फूटभर जागा. तिथे हॅलाइड टांगणं म्हणजे कपाट पेटवणं. आम्ही टी-फाइव्ह ट्यूबलाइटच्या २४ वॅटच्या दोन नळ्या बसवल्या, एक निळी, एक पांढरी. नळीचा प्रकाश मांडणीभर सारखा पसरतो. भिंगाचे एलईडी इतक्या जवळ आणले की मधल्या फ्रॅगचा रंग उडतो आणि कडेचे उपाशी राहतात. एलईडीच हवे असतील तर लांब पट्टीचे घ्या, नाहीतर भिंगं काढून खाली दुधी अ‍ॅक्रिलिक लावा. आणि प्रकाश मोजायचा मीटर घ्या, निदान भाड्याने. झोआ आणि मशरूम जातीच्या प्रवाळांना ५० ते १०० पार (प्रवाळाला उपयोगी प्रकाशाचं माप) पुरतो, हॅमर-टॉर्चला शंभराच्या आसपास, मोंटिपोराला दीडशे-दोनशे. जुन्या मीटरच्या सेन्सरला निळा प्रकाश नीट पकडता येत नाही, तो आकडा कमी दाखवतो. हे ठाऊक नसलेले लोक लाइट वाढवत जातात आणि प्रवाळ पांढरं पडलं की पाण्याला दोष देतात. अ‍ॅक्रोपोरा सम्पमध्ये ठेवूच नका.

पर्थ अँबॉयचा एक निवृत्त इलेक्ट्रिशियन आमचं पहिलं कायमचं गिऱ्हाईक. त्याने आमचं वायरिंग बघितलं आणि फ्रॅग न घेताच परत गेला. दुसऱ्या दिवशी हत्यारं घेऊन हजर. पाणी वायरीवरून प्लगमध्ये न जाता खाली ठिबकावं म्हणून प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली झोळ दिला, जीएफसीआय (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवला, लाइटवर मिठाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून अ‍ॅक्रिलिकचं झाकण केलं. मजुरी म्हणून एक मोंटिपोरा घेतला, तोही सगळ्यांत लहान.

२९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ आलं आणि वीज गेली ती गेलीच. प्रवाळ अंधार बरेच दिवस सोसतं, पण पाणी हललं नाही तर ऑक्सिजन संपून रातोरात मरतं. १८० गॅलन जगवणं आमच्या आवाक्याबाहेर होतं. म्हणून चांगल्या कॉलनी, म्हणजे प्रवाळाचे वाढलेले गड्डे, तोडून, जमेल तेवढं सम्पच्या ४० गॅलनमध्ये उतरवलं. गाडी ड्राइव्हवेवर चालू ठेवायची आणि इन्व्हर्टरवर एक छोटा पंप व एक हीटर. ३ नोव्हेंबरपासून बारा काउंट्यांत पेट्रोलसाठी नंबरप्लेटप्रमाणे सम-विषम लागू झालं. माझी प्लेट सम, भागीदाराची विषम, त्यामुळे रोज कोणीतरी रांगेत असायचंच. ७ तारखेला वर बर्फही पडला. इलेक्ट्रिशियनच्या घरी वीज आमच्याआधी आली. त्याने आपला जनरेटर पिकअपमध्ये टाकून आमच्या दारात आणला.

वरची टाकी गेली. खालचं जगलं.

आणि याच काळात आमच्याच भागातल्या एका विक्रेत्याने आमच्या गिऱ्हाइकांना कळवलं की यांचा माल मेला आहे, डिपॉझिट परत मागा. लोकांनी मागितलं. आम्ही दिलं. भागीदार मार्चमध्ये बाहेर पडला. त्याला दोन लहान मुलं होती, मी त्याला बोल लावत नाही. विक्रेत्याला लावतो. नंतर तोच माणूस आमच्या फ्रॅगना ‘तपकिरी’ म्हणून हिणवत फिरला. बेताच्या प्रकाशात प्रवाळातलं शेवाळ वाढतं, रंग तपकिरीकडे झुकतो, हे त्यालाही माहीत होतं. पण गिऱ्हाइकाने घरी नेऊन हळूहळू लाइट वाढवला की रंग फुटतो. त्याचे फ्रॅग मात्र गर्द निळ्या दिव्याखाली फोटो काढून विकले जायचे आणि घरी गेल्यावर नवरीचा मेकअप उतरावा तसे उतरायचे.

पुढची वर्षं बरी गेली. आता भाड्याची जागा आहे, सम्प मोठा आहे.

पुण्याचा भाचा दरवेळी म्हणतो, “मामा, येताना दोन फ्रॅग आण ना.” अरे, भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. सुटकेसमध्ये मी चॉकलेटं आणीन. तुम्हीही कोणाला आणायला सांगू नका.

तो विक्रेता अजूनही फ्रॅग स्वॅपला, म्हणजे फ्रॅगच्या अदलाबदल-विक्रीच्या मेळाव्याला, असतो, बहुतेक वेळा शेजारच्याच टेबलावर. आम्ही पांढरा दिवा लावतो आणि त्याचा निळा आमच्या टाकीवर सांडू नये म्हणून मध्ये पुठ्ठा उभा करतो. पुठ्ठा इलेक्ट्रिशियन आणतो.