दुसऱ्या टप्प्यात राग का अडतो : सक्रिय ध्यानाचा माझा अनुभव

‘सोडून द्या, फक्त सोडून द्या.’ शिबिरात सक्रिय ध्यानाचा दुसरा टप्पा सुरू झाला की माइकवरून एवढंच ऐकू येत राहतं. कसं सोडायचं, ते कुणी सांगत नाही. आजूबाजूची माणसं किंचाळत असतात, रडत असतात आणि आपण हात हलवत नुसते उभे. त्या एका वाक्याची चीड माझ्या मनातून अजून गेलेली नाही, कारण ‘हे आपल्याच्यानं होत नाही’ असं समजून माणसं नेमकी इथूनच परत फिरतात. खरं तर चूक दहा मिनिटं आधी, श्वासात झालेली असते.

ओशोंनी १९७० साली हे ध्यान सुरू केलं. एक तास, पाच टप्पे. दहा मिनिटं वेगवान श्वास, दहा मिनिटं रेचन म्हणजे आतलं बाहेर काढणं, दहा मिनिटं हात वर करून ‘हू’ म्हणत उड्या, मग पंधरा मिनिटं जागच्या जागी स्तब्ध आणि शेवटी पंधरा मिनिटं नाच. पहाटे, रिकाम्या पोटी, डोळ्यांना दस्ती म्हणजे रुमाल बांधून करायचं.

आता श्वास. आपल्याकडे बहुतेकांनी आधी कपालभाती केलेली असते, त्यामुळे तीच लय इथं येते. फुस, फुस, फुस, सगळे ठोके सारखे. इथं लय नकोच. शरीर दोन मिनिटांत लयीला सरावतं, श्वास आपोआप चालू राहतो आणि मन सोयाबीनच्या भावाचा हिशेब करायला मोकळं होतं. तोंड बंद, श्वास नाकानंच, जोर बाहेर टाकण्यावर. आत घेण्याची काळजी करू नका, ते शरीर करतं. नुसतं पोट आत-बाहेर करून भागत नाही, छातीचा भाता पूर्ण चालला पाहिजे. गुडघे थोडे वाकवा, खांदे-मान ढिले ठेवा आणि कोपरांनी भात्यासारखा जोर द्या. चार लहान, एक खोल, दोन झटक्याचे, असं काहीही चालेल, पण मोजू नका. मोजलं की पुन्हा लय झाली. एक साचा पडतोय असं लक्षात आलं की तो लगेच मोडायचा.

सहाव्या-सातव्या मिनिटाला दम लागतो आणि बहुतेक जण तिथंच वेग कमी करतात. रेचनासाठी लागणारी ऊब नेमकी त्यानंतरच्या तीन-चार मिनिटांत तयार होते. बोटांना किंवा ओठांभोवती मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं तर घाबरू नका. जोरात श्वास टाकल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून तसं होतं. पण बोटं आखडून वाकडी व्हायला लागली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबून खाली बसायचं आणि सावकाश श्वास घ्यायचा. याला शक्ती जागी झाली म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

एवढं करूनही दुसऱ्या टप्प्यात काही आलं नाही तर अभिनयानं सुरुवात करा. मूळ पद्धतीतही त्याला मुभा आहे. मी तर म्हणेन, जबड्यापासून सुरू करा. रोजचा राग तिथंच दाबलेला असतो. तोंड मोठं उघडा, जबडा दोन्ही बाजूंना फिरवा, घशातून ‘हं’ असा जाड आवाज काढा. पंचा दोन्ही हातांनी जोर लावून पिळा. गुडघ्यांवर बसून उशीवर हात आपटा. भिंतीवर मूठ मारायची नाही, बोटाचं हाड मोडतं. मिनिटा-दोन मिनिटांत नाटक संपून खरं काहीतरी सुरू होतं. रागाऐवजी रडू किंवा हसू आलं तर तेच चालू द्या.

खऱ्या शिव्या टाळा. शिवी आली की ज्याला द्यायची तो माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि इथं चेहरा नको. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांचा २००२ सालचा प्रयोग आहे. चिडवणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग नुसत्या शांत बसलेल्यांपेक्षा जास्त राहिला. म्हणून अर्थ नसलेली बडबड करा, जी भाषा येत नाही ती बोला. उदगीर-देगलूरकडं कन्नड-तेलुगू कानावर पडलेली असते, त्यांनी त्याही भाषा सोडाव्यात. माझ्या मते याच कारणानं स्तब्ध राहण्याचा चौथा टप्पा कधीच गाळू नये. नुसता आरडाओरडा करून उठलं तर शरीर तापलेलंच राहतं.

जागेचा प्रश्न आपल्याकडं मोठा. उन्हाळ्यात पहाटे पाचला अर्धी गल्ली गच्चीवर झोपलेली असते, एक किंकाळी गेली की लोक धावत येतात. शेतातला आखाडा म्हणजे रानातलं खोपट असेल तर उत्तम, पण काळ्या रानात उन्हाळी भेगा पडलेल्या असतात, त्यात पाय मुरगळतो. सारवलेली सपाट जागा बघा. घरातच करायचं तर बिनआवाजाचा पर्याय आहे. रेचन फक्त शरीराच्या हालचालींतून करायचं आणि तिसऱ्या टप्प्यातला ‘हू’ आतल्या आत आपटायचा. सुनेला सासरच्या घरात ओरडता येत नाही, तिच्यासाठी हा पर्याय खरंच कामाचा आहे.

उड्यांमध्ये टाचेसकट पूर्ण पाऊल टेकवायचं असतं. शहाबादी फरशीवर तसं केलं तर आठवड्यात टाच धरते. घोंगडी चार पदरी करा, वर सतरंजी घाला, गुडघे किंचित वाकलेले ठेवा. पहिले काही दिवस पोटऱ्या भरून येतात, त्याला इलाज नाही.

चौथ्या टप्प्यात थांबताना ज्या स्थितीत असाल त्याच स्थितीत राहा. खांदे पेटतात, घाम डोळ्यांत उतरतो, माशी बसते. हात आपसूक खाली आला तर येऊ द्या, पण मुद्दाम सोयीचा करून घेऊ नका. नाचाला शब्दांची गाणी नकोत, नुसती हलगी फार छान चालते.

आधी सांगायला हवं होतं : उच्च रक्तदाब, हृदयविकार, फिट्स, काचबिंदू, हर्निया, मणक्यातली सरकलेली चकती, अलीकडचं ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर हे ध्यान करू नका. मानसोपचाराची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. अशांनी श्वासाचा आणि उड्यांचा भाग नसलेलं संध्याकाळचं कुंडलिनी ध्यानही डॉक्टरांना विचारूनच करावं. त्यात पंधरा-पंधरा मिनिटं थरथरणं, नाचणं, स्तब्ध राहणं आणि पडून राहणं असतं.

सुरू करण्याआधी नाक शिंकरून साफ करा. चष्मा, घड्याळ, गळ्यातलं काढून ठेवा. रात्रीची भाकरी आठच्या आत खा, नाहीतर उड्यांच्या वेळी ठेचा घशाशी येतो. मोबाइलवर १०, १०, १०, १५, १५ असे गजर लावा. संपल्यावर दहा मिनिटं बसून मीठ घातलेलं ताक प्या आणि लगेच गाडीला किक मारू नका. किमान २१ दिवस सलग करा. बहुतेकांचा दुसरा टप्पा तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोकळा होतो, काहींना दहा दिवसही लागतात.