ऐरोलीच्या खाडीत रोहित पक्ष्यांचा व्हिडिओ: दोन फेऱ्या आणि एक मेमरी कार्ड

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी भाच्याला घेऊन ऐरोलीला गेले होते. त्याच्या शाळेच्या प्रकल्पासाठी ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगोंचा) चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ हवा होता. माझ्याकडे फोटो काढायचा मिररलेस कॅमेरा आहे, १००-४०० ची लेन्स आहे आणि पक्षी टिपायचा आठ-नऊ वर्षांचा सराव आहे. फोटोला जे सामान चालतं ते व्हिडिओलाही चालेल असं धरून चालले आणि तिथेच फसले. मार्चमध्ये दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मनासारखं काम झालं. हे पक्षी साधारण मे महिन्यापर्यंत इथे असतात, म्हणून जाणाऱ्यांच्या उपयोगाचं जे जे हाती लागलं ते लिहून ठेवते.

जाणं सोपं आहे. ठाण्याहून ट्रान्सहार्बरची लोकल, दिघा गावानंतर ऐरोली, तिथून रिक्षा. किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र असं पूर्ण नाव सांगितलं तर रिक्षावाले जरा विचारात पडतात, ‘फ्लेमिंगोची बोट’ म्हटलं की लगेच मीटर टाकतात. बोटीची जागा आधी नोंदवून ठेवावी लागते, आणि बोट रोज ठरावीक वेळेला सुटत नाही. खाडी उथळ आहे, चिखल फार, त्यामुळे सगळं भरतीवर चालतं.

ही भरतीची वेळ घरबसल्या काढता येते. कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशोब आहे: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावस्येला ती दुपारी बाराच्या आसपास येते. खाडीत आतवर पाणी पोचायला थोडा वेळ जास्त लागतो, तेवढं धरायचं. व्हिडिओ करणाऱ्याला हा हिशोब फार कामाचा आहे. उधाणाच्या दिवसांत पाणी भरपूर असतं, पण वेळ नेमकी भर दुपारची, डोक्यावर ऊन, आणि गुलाबी रंग पांढरट दिसतो. अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे भरतीला जोर नाही. मला द्वादशी-त्रयोदशी सगळ्यांत बरी वाटते. नऊ ते दहाच्या दरम्यान भरती येते, ऊन अजून तिरपं असतं आणि बोट आतपर्यंत जाऊ शकते. पहिल्या फेरीत मी हे पाहिलंच नव्हतं, सुट्टीचा वार बघून गेले होते.

आता त्या पहिल्या फेरीबद्दल. बोट तिवरांच्या मधून बाहेर मोठ्या पाण्यात आली. उजवीकडे चिखलाच्या पट्ट्यावर थवा होता, शेकड्यांनी पक्षी, माना खाली घालून चरत होते. बोटवाल्या दादांनी इंजिन मंद केलं. मी फोर-के, म्हणजे फुल एचडीपेक्षा जास्त बारकाव्याचं चित्र, लावून रेकॉर्डिंग सुरू केलं. पंधरा-वीस सेकंद झाले असतील, पडद्यावर कार्डाच्या वेगाबद्दल सूचना आली आणि रेकॉर्डिंग आपोआप थांबलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा थांबलं आणि मी मेनूत डोकं घातलं, तेवढ्यात थवा उठला. बोटीतले सगळे एका आवाजात ‘आह’ म्हणाले. भाचा माझा दंड धरून ‘मावशी, घेतलंस ना?’ विचारत होता. मी घेतलं नव्हतं.

कार्ड बनावट नव्हतं. जुनं होतं, चांगल्या दर्जाचं, वर ठळक अक्षरांत ९५ असा आकडा. त्या कार्डावर मी हजारो फोटो काढलेत आणि एकदाही अडलं नव्हतं. घरी येऊन शांतपणे बसले तेव्हा उलगडा झाला, आणि हीच गोष्ट प्रत्येकाने समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

कार्डावरचा तो मोठा आकडा बहुतेक वेळा वाचनाचा वेग असतो, म्हणजे कार्डातून कॉम्प्युटरवर माल उतरवतानाचा, तोही जास्तीत जास्त. व्हिडिओला लागतो तो लिहिण्याचा वेग, आणि तोही न थांबता टिकणारा, कमीत कमी. तो आकडा कार्डावर बारीक खुणांमध्ये लपलेला असतो. इंग्रजी सी अक्षराच्या आत १० लिहिलं असेल तर क्लास १०, सेकंदाला किमान १० मेगाबाइटची हमी. यू अक्षराच्या पोटात १ असेल तर तेवढीच हमी, ३ असेल तर ३० मेगाबाइटची. आणि व्ही अक्षरापुढचा आकडा म्हणजे सरळ हमीचा वेग: व्ही३० म्हणजे ३०, व्ही६० म्हणजे ६०, व्ही९० म्हणजे ९०. माझ्या कार्डावर फक्त क्लास १० ची खूण होती.

आता कॅमेऱ्याची बाजू. माझा कॅमेरा फोर-केमध्ये २५ फ्रेमला, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं घेताना, सेकंदाला १०० मेगाबिट लिहितो. मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून शंभराला आठाने भागायचं: साडेबारा मेगाबाइट. कार्डाची हमी दहाची, मागणी साडेबाराची. फोटो काढताना ही तूट लक्षात येत नाही, कारण कॅमेऱ्याच्या आत थोडी तात्पुरती जागा असते. दहा-पंधरा फोटो भराभर काढले की ती भरते, कॅमेरा क्षणभर अडखळतो, कार्डावर उतरवून घेतो आणि पुढे चालू. व्हिडिओत असं थांबता येत नाही. प्रत्येक सेकंदाचा माल त्याच सेकंदाला खाली गेला पाहिजे. ती जागा एकदा भरली की रेकॉर्डिंग बंद. माझे ते पंधरा-वीस सेकंद म्हणजे ती जागा भरायला लागलेला वेळ.

त्या दिवशी वेळ कशी मारून नेली तेही सांगते, कारण कुणालाही बोटीत हे होऊ शकतं. फोर-के सोडून फुल एचडी लावलं. माझ्या कॅमेऱ्यात ते २८ मेगाबिटचं आहे, म्हणजे सेकंदाला साडेतीन मेगाबाइट. तेच जुनं कार्ड एकदाही न कुरकुरता चाललं. परतीच्या वाटेवर दुसरा, लहान थवा मिळाला आणि भाच्याला दोन मिनिटांचा व्हिडिओ तरी मिळाला. शाळेच्या भिंतीवरच्या पडद्यावर फुल एचडी आणि फोर-के यांत फरक कुणाला कळलाही नसता. कार्डाची शंका असेल तर आधी फुल एचडीत एक तुकडा पदरात पाडून घ्या, मग फोर-केच्या मागे लागा.

मार्चच्या फेरीआधी दोन नवी कार्डं घेतली, दोन्ही व्ही३०, प्रत्येकी ६४ जीबी. व्ही९० घ्यावं का, असं मलाही वाटलं होतं. ती कार्डं खूप महाग असतात, आणि त्यांच्या मागे धातूच्या पट्ट्यांची दुसरी ओळ असते. तुमच्या कॅमेऱ्याच्या खाचेत ती दुसरी ओळ वाचायची सोय नसेल तर कार्ड चालेल, पण साध्या वेगानेच. तेव्हा आधी कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत सगळ्यांत जास्त मेगाबिट किती लिहिलेत ते पाहा आणि आठाने भागा. दोनशे असले तरी पंचवीसच येतात, व्ही३० पुरतं. चारशेचा पर्याय असलेल्या कॅमेऱ्याला मात्र पन्नास लागतात, तिथे व्ही६० शिवाय गत्यंतर नाही.

जागेचा हिशोबही तसाच: १०० मेगाबिटला मिनिटाला ७५० मेगाबाइट, म्हणजे ६४ जीबीत साधारण ८५ मिनिटं. बोटीच्या फेरीला ते भरपूर होतं. एकच १२८ घेण्यापेक्षा मी दोन ६४ घेतली, कारण बोटीत एखादं कार्ड बिघडलं तर दुकान शोधायला जाता येत नाही. ३२ जीबी आणि त्याखालची कार्डं व्हिडिओसाठी मला आवडत नाहीत. त्यांच्या जुन्या मांडणीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही, त्यामुळे दर साडेपाच मिनिटांनी तुकडा पडतो आणि घरी जोडत बसावं लागतं.

नवं कार्ड आणलं की दोन गोष्टी कराच. पहिली, ते पूर्ण भरून तपासा. बाजारात खोट्या क्षमतेची कार्डं येतात, वर ६४ आणि आत प्रत्यक्षात ८. कॅमेरा त्यावर लिहीत राहतो, पण आठच्या पुढचं काही परत मिळत नाही. एच२टेस्टडब्ल्यू नावाचा छोटा मोफत प्रोग्राम कार्ड भरून वाचून बघतो. कॉम्प्युटरवर ६४ ऐवजी साडेएकोणसाठच्या आसपास दिसलं तर घाबरू नका, तो फक्त मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. दुसरी गोष्ट, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा आणि घरच्या खिडकीतून अर्धा तास सलग फोर-के रेकॉर्डिंग करून पाहा. मी नौपाड्यातल्या आमच्या गॅलरीतून समोरच्या बदामाच्या झाडाचं केलं. त्या अर्ध्या तासात कळलं की कॅमेरा तापतो, की एका बॅटरीत जेमतेम तासभर निघतो, आणि की हा कॅमेरा २९ मिनिटं ५९ सेकंदांनी स्वतःहून थांबतो. ही मर्यादा जुन्या कॅमेऱ्यांत सर्रास आहे. युरोपात अर्धा तास किंवा जास्त रेकॉर्डिंग करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा मानून जास्त आयातकर लावत, म्हणून कंपन्यांनी ती घातली होती.

मार्चमध्ये त्रयोदशीला गेलो. तेच दादा भेटले, या वेळी मी आधीच विनंती केली की थवा दिसला की थोडं लांबच इंजिन पूर्ण बंद करा. ते म्हणाले, “ताई, पाच मिनिटं देतो, मग पाणी उतरायला लागेल.” त्या पाच मिनिटांनी सगळं दिलं. बोट पाण्याच्या ओढीने हळूच सरकत होती. इंजिनाची थरथर गेली आणि पहिल्यांदाच पक्ष्यांचा आवाज नीट ऐकू आला, बदकांच्या कलकलाटासारखा, पण खोल घशातून आलेला. जवळच्या एकाची चोच दिसत होती: पाण्यात उलटी घातलेली, गर्द लाल, काळपट. म्हणजे लहान रोहित. त्याच्या गळ्याची कातडी अखंड थरथरत होती, कारण तो जिभेने पाणी आत-बाहेर करून शेवाळ गाळत असतो. ही थरथर फोटोत कधीच दिसली नव्हती. व्हिडिओ का करायचा ते मला तिथे पटलं.

बोटीत तिपाई (ट्रायपॉड) नेऊ नका. इंजिनाचा हादरा तळातून थेट लेन्सपर्यंत पोचतो. बसा, कोपर गुडघ्यावर टेका, आणि ४०० च्या टोकाला जायचा मोह आवरून दोनशेपर्यंतच राहा. थवा उडाला की कॅमेरा त्याच्याबरोबर झपकन फिरवू नका. खाडीत विजेचे उंच मनोरे उभे आहेत, आणि फोटोच्या कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, त्यामुळे वेगाने फिरवलं की मनोरे तिरपे पडल्यासारखे दिसतात. मी कॅमेरा स्थिर धरला आणि थवा चौकटीतून जाऊ दिला, ५० फ्रेमला. घरी निम्म्या वेगाने लावला तेव्हा पंखाखालचा काळा आणि गुलाबी रंग वेगवेगळा मोजता आला.

उन्हासाठी एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी गडद काच, लागतोच. २५ फ्रेमला शटर पन्नासाव्या सेकंदाचं ठेवायचं, ५० ला शंभराव्या, आणि खाडीतल्या उजेडात एवढं हळू शटर फिल्टरशिवाय झेपत नाही. काळ्या चिखलावरचे फिकट पक्षी असले की कॅमेऱ्याचं मीटर फसतं, पाठी जळून पांढऱ्या होतात. उजेड पाऊण स्टॉप कमी धरा. रॉ फोटोत, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये, ही चूक बरीच सुधारता येते, व्हिडिओत नाही. फ्रेमचे आकडे २५ आणि ५० ठेवायचं आणखी एक कारण म्हणजे आपली वीज ५० हर्ट्झची. ३० फ्रेम आणि साठाव्या सेकंदाचं शटर असेल तर केंद्राच्या आत दिव्यांखाली चित्रावरून पट्टे सरकताना दिसू शकतात.

माइकवर केसाळ टोपी घाला. वाऱ्याचा घरघराट नंतर निघत नाही.

बोट जमत नसेल तर नेरुळला टी. एस. चाणक्य या जहाजावरच्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या बाजूला जा. ठाण्याहून नेरुळची थेट लोकल आहे. भरतीला खाडीतला चिखल बुडतो तेव्हा पक्षी तिकडच्या पाणथळीत येऊन उभे राहतात, आणि तिथे तिपाई लावता येते. बांधावरून खाली उतरू नका, दगड मारून थवा उडवणाऱ्यांना थांबवा. ठाणे खाडी २०१५ पासून रोहित अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पक्षी उडवून मिळालेलं दृश्य मी तरी ठेवत नाही.

परतताना दादांनी इंजिन बंद असतानाचा तुकडा मागितला, घरच्यांना ऐकवायला. धक्क्यावर फोनवर पाठवायला बसले तर चाळीस सेकंदांचे पाचशे एमबी भरले, अर्ध्यातच अडकले. शेवटी कॅमेऱ्याच्या पडद्यावरच लावला. त्यांनी कॅमेरा कानाला धरून पूर्ण ऐकला आणि मग भाच्याच्या कानाला लावला. घरी आल्यावर कार्डाच्या दोन प्रती काढल्या, एक लॅपटॉपवर आणि एक वेगळ्या डिस्कवर, आणि त्यातूनच दादांसाठी फुल एचडीची छोटी फाइल करून रात्री पाठवली.